लस देऊनही गोवर कसा आला?

प्रश्न : गावात बऱ्याच पोराईले लस देली, तरी गोवर आलाच. मंग फायदा काय जी? — एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, फायदा आहेच. पण नवव्या महिन्यातल्या एका डोसनं शंभरातल्या साधारण ८५ पोरांनाच संरक्षण मिळतं, म्हणून १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस लागतोच अन् नेमका तोच राहतो, मायबाप वीटभट्टीवर गेलेले असतात ना! अशी सुटलेली पोरं दरवर्षी साचत जातात आणि एक पेशंट आला की भडका उडतो. ९५ टक्के पोरांचे दोन्ही डोस हवेत. पुरळ दिसायच्या ४ दिवस आधीपासूनच गोवर पसरतो. माता आली म्हणून नुसता लिंबाचा पाला लावून बसू नका, लगेच आशाताईला सांगा, दवाखान्यात ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात, डोळे वाचतात.