गाठ काढली, मग केमो कशाला?

मिरजेत कर्करुग्णांचे समुपदेशन करताना स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर सर्वांत जास्त वेळा कानावर येतो तो हा प्रश्न. तो अडाणीपणातून येतो असे मला कधीच वाटले नाही. गाठ हाताला लागत होती, ती निघाली. आता जे दिसतही नाही त्याच्यासाठी धडधाकट अंगात एवढे कडक औषध का घालायचे, ही शंका व्यवहाराला धरूनच आहे.

तासगाव तालुक्यातील एका ताईंनी तो विचारला, तेव्हा त्यांच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय 44, पाळी चालू, काखेतील दोन गाठींपर्यंत (लसिकाग्रंथींपर्यंत) आजार पोहोचलेला, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनच्या प्रभावाने वाढणारा), हर-टू (पेशींवरचे एक प्रथिन) निगेटिव्ह. डॉक्टरांनी तीन आठवड्यांच्या अंतराने चार आणि त्यानंतर दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा, असे एकूण 16 डोस सुचवले होते. मी ताईंना विचारायचे आणि उत्तर यजमानांनी द्यायचे, असे पहिली दहा मिनिटे चालले. "हिला सोसायचं नाही," हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटले.

माझीही एक चूक झाली. भीती केसांची असणार असे गृहीत धरून मी केस कधी गळतात, पुन्हा कधी येतात, टोप कुठे मिळतो हे सांगत बसले. ताई मान हलवत होत्या आणि फाईलच्या कापडी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर कागद द्यायला यजमान बाहेर गेले, तेव्हा तो बंद थांबला.

"केसांचं नाही ओ मॅडम. माझ्या थोरल्या जाऊबाईंना केमो दिली आणि चार महिन्यांत त्या गेल्या. आणि पोरीच्या लग्नाची बोलणी चालल्यात. माझं डोकं बघितलं की गावभर होणार."

जाऊबाईंचा आजार कळला तेव्हाच यकृतात आणि हाडांत पसरलेला होता, हे थोडे खोदून विचारल्यावर समजले. त्यांची केमो पसरलेला आजार आटोक्यात ठेवण्यासाठी होती. ताईंच्या बाबतीत दिसणारा आजार काढून झालेला होता. कोणत्याही स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी कुठे गेल्या असतील तर त्या रुजण्याआधी माराव्यात, हा इथला हेतू. औषधाचे नाव एक असले तरी ही दोन निराळी कामे आहेत. घरातल्या एका मृत्यूमुळे हा फरक पुसला जातो, आणि तो मांडल्याशिवाय पुढे काहीही समजावण्यात अर्थ नसतो.

केमो घ्या किंवा घेऊ नका, हे मी कुणालाच सांगत नाही. डॉक्टरांना विचारण्यासाठी एक प्रश्न मात्र मी ताईंना कागदावर लिहून दिला : "माझ्यासारख्या शंभर जणींनी केमो घेतली, तर त्यातल्या किती जणींचा आजार केवळ केमोमुळे परत येणार नाही?" डॉक्टरांनी त्याच कागदाच्या मागे शंभर ठिपके काढले आणि त्यांतले काही गोल केले. आकडा मुद्दामच देत नाही. तो त्यांच्या रिपोर्टचा आहे, वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही.

पुण्याच्या भाच्याने जनुकीय चाचणीबद्दल (काढलेल्या गाठीतील जनुके तपासून आजार परतण्याचा धोका गुणांकात सांगणारी चाचणी) मोबाईलवर वाचले होते, तेही निघाले. ते वाचन चुकीचे नव्हते. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत आजार नसलेल्या अनेक स्त्रियांना अशा चाचणीच्या आधारे केमो टाळता येते, हे दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले आहे. काखेतील एक ते तीन गाठींत आजार असेल, तरी पाळी गेलेल्या आणि चाचणीचा गुणांक कमी असलेल्या स्त्रियांनाही केमोचा जास्तीचा लाभ आढळला नाही. पाळी चालू असलेल्यांना मात्र गुणांक कमी असूनही तो आढळला. ताई या शेवटच्या गटातल्या. मोठा खर्च करून आलेल्या अहवालाने त्यांचा निर्णय बदलण्याची शक्यता कमी होती, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, आणि मला ते आवडले.

"आधी लग्न उरकून घेऊ का?" याला 'नाही' असे उत्तर मिळाले. विचार करायला थोडे दिवस घेता येतात, पण शस्त्रक्रियेनंतर महिने वाया घालवणे धोक्याचे असते. लग्नाच्या बोलण्यांवर माझ्याकडे तोडगा नव्हता. मी एवढेच विचारले, "मुलीला विचारलंत का?"

विचारले नव्हते. पुढच्या भेटीला मुलगी आली. सगळे ऐकून ती म्हणाली, "सोळा डोस कुठं लपवणार आई? त्यांना मीच सांगते." ताईंनी त्याच दिवशी होकार दिला, सही करताना यजमानांकडे पाहिले नाही.

पहिल्या लाल औषधानंतर (केमोच्या पहिल्या डोसमधले औषध लाल रंगाचे असते) दहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता यजमानांचा फोन आला. तापमापीत 100.8 होते. पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या त्या दिवसांत ताप 100.4 वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, घरच्या गोळीने तो दाबायचा नाही, हे त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले होते. फोनवर बोलतानाच त्यांनी गाडी काढली होती. ताईंना चार दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावे लागले आणि दुसरा डोस आठवडाभर पुढे गेला. त्या चार दिवसांत मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे ताई स्वतः देत होत्या.