कृपा की इच्छा? आधी ऑगस्टीन-पेलागियस वाद वाच

तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं की माणसाच्या इच्छेनं, हे विचारलंस ते बरं झालं. पण लगेच सगळं देवाच्या निवडीवर सोपवणाऱ्या कॅल्विनच्या किंवा माणसाच्या होकाराला जागा देणाऱ्या आर्मिनियसच्या गोटात जाऊन बसू नकोस. भांडण त्यांच्या हजारेक वर्षं आधीचं आहे.

पेलागियस हा रोममध्ये राहणारा, कडक आचरणाचा माणूस. देवाची आज्ञा पाळायचं बळही देवानंच द्यावं, अशा अर्थाची उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन या बिशपची प्रार्थना ऐकून तो बिथरला. मग लोक हातावर हात ठेवून बसतील, ही त्याची भीती. ती अगदीच खोटी नव्हती, तेव्हा त्याला खलनायक ठरवून मोकळा होऊ नकोस. माणूस स्वबळावर देवाची आज्ञा पाळू शकतो, ही त्याची शिकवण कार्थेजच्या चर्च परिषदेनं ४१८ साली नाकारली, आणि माझ्या मते बरोबरच केलं. माणसाला स्वबळावर सगळं जमत असेल, तर ख्रिस्ताचा वधस्तंभ कशासाठी?

५२९ची ऑरेंजची परिषद मात्र सावकाश वाच. विश्वासाची सुरुवातसुद्धा कृपेनंच होते, असं तिनं ठरवलं; पण देव कुणाला दुष्टपणासाठी नेमून ठेवतो, ही कल्पनाही तिथंच धिक्कारली. वाद घालणारे यातलं निम्मंच सांगतात.

आणि हो, मेथोडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीच्या अनुयायांना 'पेलागियन' म्हणू नकोस. आधी कृपा, मग माणसाचा होकार, असंच तेही मानतात. ती कृपा नाकारता येते का, इथं खरी खडाजंगी आहे.

बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या दुसऱ्या अध्यायातलं बारावं आणि तेरावं वचन जोडूनच वाच. आपलं तारण साधून घ्या आणि इच्छा-कृती दोन्ही देवच घडवतो, हे पौल एका दमात सांगतो. कुणी त्यातलं एकच वचन तोंडावर फेकलं, तर दुसरं वाचायला सांग.