संधिवाताला कॅन्सरची गोळी द्यावी का, आणि जेवणाआधी की नंतर?

तुम्ही विचारलंय की आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलंय, ही तर कॅन्सरची गोळी, मग द्यावी का आणि जेवणाआधी की नंतर. जेवणाचं एवढं काही नाही, मळमळत असेल तर रात्री जेवून घेतलेली बरी. पण गोळी कुठल्या वारी हे तुम्ही विचारलंच नाही. ही गोळी रोजची नाही हो! आठवड्यातून एकदाच.

आमच्या सासूबाईंना बेळगावच्या डॉक्टरनी आठवड्याला ७.५ मिलिग्रॅम दिली होती. आम्ही निपाणीकडचे. स्ट्रिप संपली तेव्हा मोठे भाऊजी चिठ्ठी न नेता रिकामी स्ट्रिप दाखवून जवळच्याच मेडिकलमधून गोळ्या घेऊन आले, आणि तिथल्या पोरानं पाकिटावर पेननं १-०-० लिहून दिलं. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी, खानापूरला. सासूबाई बिचाऱ्या लिहिलंय तसं रोज सकाळी घेत राहिल्या. आधी तोंड आलं, सगळे म्हणाले उष्णता झाली, गुलकंद झाला, सब्जा झाला, मग भाकरीचा तुकडा गिळेना, ताप चढला, आणि रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही खाली आलेल्या. बेळगावला ॲडमिट करून या गोळीवर उतारा म्हणून ल्युकोव्होरिनची इंजेक्शनं दिली तेव्हा वाचल्या.

हे औषध पेशींना फॉलिक ॲसिड वापरू देत नाही, म्हणून ज्या पेशी भराभर वाढतात, तोंडातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या, त्यांना पहिला फटका.

भाऊजी अजून पाहुण्यारावळ्यांत सांगतात की कॅन्सरची गोळी दिली म्हणून आई जात होती. साफ खोटं. कॅन्सरमध्ये शिरेतून देतात तो डोस कितीतरी मोठा असतो, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्येसुद्धा ही गोळी तोंडानं आठवड्यालाच देतात. सासूबाई आजही हीच घेतात, दर मंगळवारी, कारण यल्लम्माचा मंगळवार त्या विसरत नाहीत, आणि आता स्वतःच्या हातानं भाकरी थापतात. घात गोळीनं नाही केला, त्या १-०-० नं केला.

म्हणून डॉक्टरकडून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या, चिठ्ठीशिवाय गोळ्या आणायच्या नाहीत, आणि स्ट्रिपवरचे मिलिग्रॅम दर वेळी वाचा, २.५ पासून १५ पर्यंत सगळ्या मिळतात. फॉलिक ॲसिडची गोळी दिली असेल ती दुसऱ्या वारी. लिव्हर, किडनी आणि रक्ताची तपासणी सांगितली की करायचीच, बरं वाटतंय म्हणून टाळायची नाही.

आणि हो, लघवीच्या इन्फेक्शनला कुणी कोट्रायमॉक्साझोल लिहिलं तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा, दोन्ही एकत्र जिवावर बेततं. घरात कुणाला दिवस जाण्याची शक्यता असेल तर ही गोळी तिच्या पोटात जाता कामा नये. किती मिलिग्रॅम ते तुमच्या डॉक्टरलाच विचारा, आमचा डोस बघून ठरवू नका. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला, दम, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरला गाठा, सकाळची एस्टी बघत बसू नका.