लिंबावर खैऱ्या, शेजारचा संत्रा ठणठणीत, असं का?

प्रश्न: भाऊ, काटोल रोडला आमचं छोटं शेत आहे, २० झाडं कागदी लिंबाची अन् बाजूलाच संत्र्याचा बगीचा. पावसाळ्यात लिंबावर खैऱ्या (फळा-पानांवर खरखरीत डाग पाडणारा रोग) एवढा येते की व्यापारी फळ हातात घेत नाही, संत्र्याला मात्र फारसं काही होत नाही. कृषी कॉलेजातला भाचा म्हणते हे सगळं बॅक्टेरियाच्या एका जीनमुळे. खरं आहे का? अन् डागी लिंबू खाल्लं तर चालते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: खाण्याचं आधी सांगतो, बिनधास्त खा. डाग सालीवर असतो, हा बॅक्टेरिया माणसाला रोग करत नाही. भाव पडतो ते दुखणं वेगळं.

भाचा बराचसा बरोबर आहे. झँथोमोनास नावाचा हा बॅक्टेरिया पावसाच्या शिंतोड्यांसोबत पानावर येतो, पानाच्या छिद्रातून नाहीतर नागअळीने पोखरलं तिथून आत शिरतो आणि सुईसारख्या बारीक नळीतून आपली प्रथिनं झाडाच्या पेशीत सोडतो. ती नळी बनवायचे जीन वेगळे, म्हणजे 'एकच जीन' म्हणणं जरा जास्तच झालं. पण फोड उठवणारं प्रथिन मुख्यतः एक, पीटीएच-ए. आता गंमत बघा, हे काही विष नाही, ते थेट पेशीच्या केंद्रकात जातं आणि लिंबाच्याच एलओबी-१ नावाच्या जीनचं बटण दाबतं, मग पेशी फुगतात, वाढत सुटतात, वरची साल फाटते. डागावर अंगठा फिरवून पाहा, बुचासारखं खरखरीत लागतं ना? ते लिंबाने स्वतःच वाढवलेलं आहे! पुढच्या पावसात तिथूनच बॅक्टेरिया बाहेर पडतो. १९९१ मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी बॅक्टेरियातला पीटीएच-ए बनवणारा जीन काढून खैऱ्या न करणाऱ्या दुसऱ्या झँथोमोनासमध्ये टाकला, तर त्यानेही लिंबूवर्गीय पानांवर तसेच फोड उठवले.

संत्रा जातीनेच जास्त तग धरतो, कागदी लिंबू मात्र फार नाजूक. अमेरिकेत आणि चीनमध्ये एलओबी-१ चं ते बटणच बदललेली झाडं तयार करून पाहिलीत, रोग बराच कमी आला, पण ती काही तुमच्या नर्सरीत मिळणार नाहीत. तोवर पावसाआधी रोगट फांद्या छाटून जाळा, एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर), नव्या पालवीवर नागअळीकडे लक्ष ठेवा. आणि झाडं ओली असताना कात्री लावू नका, रोग कात्रीवरूनही पुढच्या झाडावर जातो.