जुन्या कॅल्क्युलेटरची रबरी बटणं रेटल्याशिवाय लागत नाहीत, घरी दुरुस्त होतील का?

होतील. तुम्ही लिहिलंय की मोंढ्यातल्या आडतीवरचा जुना कॅल्क्युलेटर आहे, ०, ५ आणि बरोबरचं बटण रेटून दाबावं लागतं, रबर फाटलेलं नाही आणि तसा कीपॅड आता मिळत नाही. रबर शाबूत असेल तर दोष बहुतेक खालच्या काळ्या कार्बनच्या टिकलीत किंवा तिच्यावर बसलेल्या थरात असतो. सिलिकॉन रबरातून वर्षानुवर्षं बारीक तेल पाझरतं, त्यावर धान्याची धूळ बसते आणि टिकली बोर्डाच्या (आतल्या सर्किटच्या पाटीच्या) पट्ट्यांना नीट टेकत नाही.

आधी सेल काढा, मग उघडा. एखादा स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो. डिस्प्लेकडे जाणारी चपटी रिबन ओढू नका; ती नुसती उष्णतेने चिकटवलेली असते, सुटली की परत बसवणं जवळपास अशक्य.

दोष कुठे आहे ते आता ठरवा. सेल लावून, रबर बाजूला ठेवून, बंद बटणाच्या जागी बोर्डावरच्या दोन पट्ट्या चिमट्याच्या टोकाने जोडा. आकडा उमटला तर बोर्ड ठीक, टिकली खराब. नाही उमटला तर पट्टी तुटली असेल किंवा सेल गळून गंज चढला असेल, तिथे रबराशी झटापट करून उपयोग नाही. मल्टिमीटर (विजेचा रोध ओहममध्ये मोजणारं यंत्र) असेल तर त्याच बटणाच्या टिकलीवर त्याची दोन टोकं, म्हणजे प्रोब, २-३ मिलिमीटर अंतराने टेकवा आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या, म्हणजे वर्गमुळाच्या वगैरे बटणाशी तुलना करा. चांगली टिकली काही शे ओहम दाखवते, झिजलेली कित्येक किलोओहम.

रबर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि रात्रभर सावलीत वाळवा. पांढऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओलसर करून तिच्यावर टिकली हलकेच घासा. कागदावर काळा डाग उमटू लागला की थांबा, कारण त्यापुढे मळ नव्हे, कार्बन निघतो. सँडपेपर तर अजिबात नको. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं. पेट्रोल आणि थिनरने रबर फुगतं, प्लास्टिक विरघळतं. वरच्या छापील आकड्यांनाही अल्कोहोल लावू नका, ते पुसले जातात. बोर्डाच्या पट्ट्या काळ्या, छापील कार्बनच्या असतील तर कापसाने नुसतं पुसा. सोनेरी असतील तर पेन्सिलचं खोडरबर चालतं.

बहुतेक बटणं एवढ्यावरच सुधारतात.

कार्बन उडालाच असेल तर दुसऱ्या भंगार रिमोटची टिकली ब्लेडने कापून चिकटवा. ती न मिळाल्यास स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलची टिकलीएवढीच चकती चालेल, पण तिच्यावर ऑक्साइड चढतो आणि काही महिन्यांनी पुसावी लागते. फेव्हिक्विक सिलिकॉनला धरत नाही. न्यूट्रल सिलिकॉन सीलंट घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारा तांब्याच्या पट्ट्या खातो. मोहरीएवढा थेंब पुरे, आणि २४ तास हात लावू नका. रबराच्या खालच्या बाजूला हवा जाण्याच्या बारीक खाचा असतात. सीलंट तिथे शिरला तर बटण दाबलेलंच राहतं, आणि दोष नवाच वाटतो! पेन्सिलचं शिसं घासायचा सल्ला मिळेल. काम होतं, पण भुकटी शेजारच्या पट्टीवर पडली की एक बटण दाबल्यावर दुसरंच लागतं.

जोडताना स्क्रू एकेक पूर्ण आवळू नका, कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे आवळा. एक जरी गहाळ असेल तर त्या बाजूचं रबर उचललेलं राहतं आणि तिथलीच बटणं रुसतात. आणि हाच प्रयोग वजनकाट्यावर करू नका. त्याचं सील तुटलं की पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते.