आजीच्या कपाटात निघालेले जुने चहाचे चमचे: संग्रह करावा का, आणि जपायचे कसे?

तुम्ही विचारलंय की आजीच्या कपाटातून मूठभर जुने चहाचे चमचे निघाले, त्यातले दोनही एकमेकांशी जुळत नाहीत, काही काळे पडलेत आणि घरचे म्हणतात मोडीत घाला. यांचा संग्रह करण्यात काही अर्थ आहे का, आणि करायचा तर ते जपायचे कसे?

मोडीत घालू नका. एक पांढरा पंचा अंथरा, त्यावर सगळे चमचे उपडे मांडा आणि खिडकीजवळच्या उजेडात बसा. चमच्याची पुढची बाजू फक्त नक्षी सांगते. तो कुठला, कधीचा, कशाचा, कोणाचा, हे सगळं मागे असतं. मी चमचे जमवायला लागलो तेव्हापासून माझा सगळा आनंद त्या मागच्या बाजूतच आहे, त्यामुळे उत्तरही तिथूनच देतो.

दांड्याच्या मागे भिंगातून बघा. इंग्रजीत ई.पी.एन.एस. अशी चार अक्षरं दिसली, तर तो चांदीचा नाही. आतून आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते आहे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, आणि वरून विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा मुलामा. ही कला बाजारात आणली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने, १८४० च्या पेटंटनंतर, आणि मग मध्यमवर्गाच्या टेबलावर चांदीसारखे दिसणारे चमचे आले. अशा चमच्याची एक खूण फार सुंदर असते. उताणा ठेवल्यावर खोलगट भाग जिथे टेबलाला टेकतो, नेमका तिथे मुलामा झिजून आतला पिवळसर रंग डोकावतो. टोकाचा डावा काठ जास्त झिजलेला असला, तर तो चमचा बरीच वर्षं उजव्या हाताच्या माणसाने वापरला असं खुशाल समजा.

चार अक्षरांऐवजी लहान लहान चौकटींतली चित्रं दिसली, तर मात्र थांबा. चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, हजारात ९२५ भाग शुद्ध. त्याच्या शेजारी जहाजाचा नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमला झाली, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनला, मुकुट असेल तर शेफील्डला (१९७५ पासून शेफील्डने मुकुटाऐवजी गुलाब घेतला). सोबतचं सुटं अक्षर साल सांगतं. काही मुलामेवाले मुद्दाम अशाच चौकटींत आपली आद्याक्षरं ठोकत, तेव्हा सिंह नीट चालताना दिसल्याशिवाय खूश होऊ नका.

आपल्याकडच्या सोनारांनी घडवलेल्या चमच्यांवर बहुधा काहीच नसतं. अशा वेळी ओळखीच्या सराफाकडून टंच काढून घ्या, पण यंत्रावर. कानशीने घासू देऊ नका. आणि लोहचुंबकाच्या भरवशावर राहू नका. चांदी चिकटत नाही हे खरं, पण जर्मन सिल्व्हरही चिकटत नाही.

मागच्या बाजूला एवढं महत्त्व का आलं, तेही सांगतो. अठराव्या शतकाच्या मधल्या काळात इंग्लंडात चमचे टेबलावर उपडे मांडायची पद्धत होती. डोळ्यांपुढे पाठ यायची, म्हणून कारागीर पाठच सजवायचे. खोलगट भागाच्या मागे ठशाने शिडाचं जहाज, फुलांची परडी, पिंजऱ्याबाहेर आलेला पक्षी असं काहीबाही उठवलेलं असे. त्या पक्ष्यासोबत ‘मला स्वातंत्र्य प्रिय आहे’ अशा अर्थाची ओळही येते, आणि त्याचा संबंध जॉन विल्क्स या बंडखोर राजकारण्याच्या समर्थकांशी जोडतात. चहा ढवळता ढवळता घोषणा! बोटाच्या दोन पेरांएवढ्या चांदीवर हे करणाऱ्या हातांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आपल्या घरांत चहाच्या चमच्याची कथा वेगळी आहे. आपला चहा साखर घालूनच उकळतो, कपात ढवळायला काही उरत नाही. हा चमचा आपल्याकडे रुळला तो पोह्यांच्या आणि शिऱ्याच्या बशीत. पाहुणे आले, मुलगी बघायला मंडळी आली, की कपाटातला मखमलीच्या खणांचा खोका निघायचा आणि अर्धा डझन चमचे बाहेर यायचे. लग्नात लेमन सेटाच्या खालोखाल हाच आहेर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणूनही स्टीलचे चमचे भरपूर लुटले गेले. तुमच्या आजीचे चमचे एकमेकांशी जुळत नाहीत याचं मला तर फार बरं वाटलं. एका दुकानातून एका दिवशी घेतलेला संच तुम्हाला एकच गोष्ट सांगेल. हे वेगवेगळ्या हातांतून, वेगवेगळ्या निमित्तांनी आलेले आहेत.

त्यातल्या काहींवर नाव असेलच. भांड्यांच्या दुकानात यंत्राने टिंबाटिंबांनी नाव घालून देत, ते तुम्ही परातींवर, पातेल्यांवर पाहिलं असेल. चमच्याच्या दांड्याला जागा जेमतेम, त्यामुळे ‘ताईस मावशीकडून’ एवढं मावलं तरी खूप. नाहीतर आडनावाचं पहिलं अक्षर आणि साल. टिंबं उथळ असतात आणि रोजच्या घासण्याने पुसट होतात. टॉर्च आडवी धरून प्रकाश तिरका पाडा, अक्षरं उठून दिसतील. हे कोरलेले चमचे बाजारात कमी किमतीला जातात, कारण विकत घेणाऱ्याला दुसऱ्याचं नाव नको असतं. माझ्या लेखी मात्र संग्रहातले सर्वांत मोलाचे तेच.

संस्थांचे चमचेही बघून ठेवा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात हॉटेलांची, क्लबांची, रेल्वेची अक्षरं असलेले चमचे अधूनमधून मिळतात. दांड्यावर जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची अक्षरं असली, तर तो चमचा ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वी बनलेला, कारण त्या दिवशी ती रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली. बी.बी. अँड सी.आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचंही तसंच, ती त्याच दिवशी पश्चिम रेल्वेत गेली. तारीख न छापताही चमच्याने तारीख सांगितली, यात जी गंमत आहे ती एकदा लागली की सुटत नाही. परदेशांत स्मरणिका म्हणून चमचे काढायचं वेडही जुनं आहे. अमेरिकेत सेलम गावच्या डॅनियल लो या सराफाने १८९० च्या आसपास झाडूवाल्या चेटकिणीचा चमचा काढला आणि तिथे अशा चमच्यांची लाटच आली.

घरचे मोडीत घाला म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलं काय, तर अडकित्ते, दिवे, फण्या, वज्री, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी. राजवाड्यांतल्या गोष्टी जपायला पुष्कळ लोक असतात. रोजच्या हाताळण्यातल्या वस्तू कोणी मुद्दाम उचलून ठेवल्या नाहीत, तर त्या सरळ भट्टीत जातात.

आणि नुसत्या हरवतातही. यावर चक्क संशोधन झालेलं आहे. मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी आपल्याच संस्थेत ७० चमच्यांवर गुपचूप क्रमांक घातले आणि पाच महिने मोजणी केली. ५६ चमचे गेले! निम्मे चमचे नाहीसे व्हायला लागणारा काळ त्यांनी ८१ दिवस काढला. सगळ्यांच्या वापरातल्या चहाच्या खोल्यांत तो ४२ दिवसच होता. चमचा भारी की स्वस्त, याने काहीच फरक पडला नाही. हा निबंध २००५ च्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आहे. तात्पर्य इतकंच घ्या, की संग्रहातले चमचे रोजच्या स्टँडमध्ये ठेवू नका आणि डब्यासोबत ऑफिसला तर अजिबात नेऊ नका.

आता काळजी. काळेपणा म्हणजे घाण नव्हे, हवेतल्या आणि अन्नातल्या गंधकाने चांदीवर आलेला थर आहे. अंड्याने तो पटकन येतो. रबरबँडनेही येतो, म्हणून चमच्यांची जुडी रबराने कधीच बांधू नका. जुन्या सुती साडीचा किंवा मलमलीचा तुकडा घ्या, एकेक चमचा वेगळा गुंडाळा, डब्यात दोन-चार खडू टाका. खडू दमट हवा ओढून घेतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हे खडू उन्हात वाळवून परत ठेवावे लागतात.

चिंच, लिंबू, पितळेची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही मुलाम्याच्या चमच्याला लावू नका. मुलामा केसाहूनही पातळ असतो आणि प्रत्येक घासणीत थोडा जातो. गेलेला परत येत नाही. त्याऐवजी एका पसरट भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर चमचे फॉइलला टेकतील असे ठेवा, खाण्याचा सोडा भुरभुरा आणि वरून कढत पाणी ओता. बारीक बुडबुडे येतात, सडक्या अंड्याचा किंचित वास येतो आणि काळेपणा डोळ्यांदेखत मावळतो. गंधक चांदीला सोडून अॅल्युमिनियमकडे जातं, चांदी मात्र चमच्यावरच राहते. मिनिटा-दोन मिनिटांत बाहेर काढा, साध्या पाण्याने धुवा, लगेच कोरडे करा. हाडाच्या किंवा शिंपल्याच्या दांड्याचे चमचे यात बुडवू नका, आतलं चिकटवण कढत पाण्याने सुटतं. नक्षीच्या खाचांत मुद्दाम राखलेला काळा रंग असेल तर तोही जाईल, तेव्हा असे चमचे नुसते मऊ कापडाने पुसा.

मीठ चांदीचं वैरी. खारट पदार्थात चमचा रात्रभर राहिला तर खड्डे पडतात, आणि ते कशानेच भरत नाहीत. लोणच्याच्या बरणीत स्टीलचाच चमचा बरा. बाकी खऱ्या चांदीचे चमचे अवश्य वापरा, वापरातली चांदी कमी काळवंडते. फक्त औषध त्यांनी मोजू नका. औषधातला चमचा म्हणजे ५ मिलि, आणि जुन्या चमच्यांची मापं त्याहून खूप वेगळी असतात.

एक वही करा. प्रत्येक चमच्याला क्रमांक, पण तो चमच्यावर नव्हे, कापडाला बांधलेल्या चिठ्ठीवर. वहीत लांबी, वजन, मागचे शिक्के आणि कोरलेली अक्षरं जशीच्या तशी उतरवा. शिक्के वर्षभराने वाचलेत तरी चालेल, पुस्तकांत त्यांचे तक्ते आहेत. अक्षरं मात्र लगेच विचारून घ्या. आजीच्या पिढीतलं जे कोणी आहे, आत्याआजी, मावशीआजी, शेजारच्या वाड्यातल्या काकू, त्यांना या रविवारीच फोटो दाखवा. ‘ताई’ कोण आणि ‘मावशी’ कोणती, हे कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही.