सोफा नंतर, आधी छत

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त, डॅलसला राहतो. फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडून ओढायचं फिरतं घर, घ्यायचंय. माँटाना मॉडेल की सॉलिट्यूड, ठरत नाही. काय पाहावं?

उत्तर : दोन्ही इंडियानातल्या एल्कहार्ट काउंटीच्याच, तेव्हा नावापेक्षा समोर उभी असलेली गाडी बघा. शिडीने छतावर चढा, सांध्यांवरचं सीलंट भेगाळलंय का पाहा. फायबरग्लासच्या भिंतीवर उन्हात तिरपी नजर टाका; फुगवटा दिसला तर आत पाणी मुरल्याची शंका घ्या. माझ्या पहिल्या गाडीत स्लाइडआउटच्या (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाच्या) कोपऱ्यातली जमीन अंगठ्याखाली पावासारखी दबायची. घेताना मी फायरप्लेसच बघत बसलो होतो! वजनाचं स्टिकर वाचाच : साधारण पाचवा हिस्सा भार पिकअपच्या हौद्यावर येतो. तुमचा ट्रक कोणता, ते मात्र कळवलं नाहीत.